तुळसाच्या कोंबड्या

"तुळसाबाई, ही अंडी आता खाऊ नका. विकूही नका," नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या कीर्ती मॅडम म्हणाल्या. मागल्या महिन्यात त्यांनीच तपासायला अंडी नेली होती.

"काहून? सडकी निघाली?"

"सडकी नाहीत."

लाखनीला हायवेलगतच्या भंगार गोदामात तुळसा जुने टीव्ही, कॉम्प्युटर फोडायची. घर गोदामाच्या मागेच. प्लास्टिक दळायच्या मशीनचा भुसा उडून अंगणात पडे, आणि कोंबड्या त्यातच दाणे टिपत.

ते प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात रसायन घालतात, मॅडम सांगत होत्या. जुन्यावर बंदी आली म्हणून कंपन्यांनी नवं आणलं. आता तेही अंगात साठतं असं दिसू लागलंय. धुळीतून कोंबडीत, कोंबडीतून अंड्यात.

"उकडल्यावर जात असन ना?"

"नाही जात."

"पोटातल्या लेकराले काही होते का?"

"वाढीवर परिणाम होऊ शकतो. होईलच असं नाही. अजून कोणालाच पुरतं माहीत नाही."

तुळसाने मान हलवली. सून रुचिताला सातवा महिना होता. दिवस गेल्याचं कळल्यापासून तुळसा तिला रोज अंडं उकडून द्यायची. स्वतः एकही खाल्लं नव्हतं.

दुपारी शेजारचा गोमाजी आला. "कोंबड्या मले दे. अड्याळच्या बाजारात विकून येतो. तिथं कोणाले मालूम?"

"नाही. तिथं बी कोणाची पोरगी पोटुशी असन."

नवरा भैय्यालाल कुदळ घेऊन आला. त्याने मागच्या पडीक जागेत खड्डा खणला. तुळसा एकेक कोंबडी आणून देत गेली, तो मान मुरगळून खड्ड्यात टाकत गेला. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. खड्डा बुजवून तिने साबणाने हात धुतले आणि चूल पेटवली.

"आई, आज अंडं नाही?" रुचिताने विचारलं.

"रोगानं गेल्या कोंबड्या. वरण खा."

जेवता जेवता रुचिता एकदम हसली. "लात मारून राहिलं, आई. हात ठेवून पाहा ना."

तुळसाने हात पुढे केला. बोटांच्या भेगांत काळी धूळ बसली होती, साबणाने न निघालेली. तिने हात मागे घेतला.

"तूच सांग," ती म्हणाली, "कोण्या बाजूले मारते?"