शिक्क्याचा कागद

बाळांनो, घटकाभर डोळे मिटा आणि सुरतेतलं पांडेसरा मनात उभं करा. साल एकोणीसशे शहाण्णव. खाडीच्या काठाला पत्र्याच्या झोपड्यांच्या दोन रांगा आहेत आणि साड्या रंगवणाऱ्या मिलांमुळे खाडीचं पाणी आज हिरवं, उद्या लाल. पहिल्या रांगेत अकरा वर्षांची तारा राहते. मराठी शाळेत सहावीला आहे.

एका सोमवारी कचेरीचा माणूस आला आणि त्या रांगेतल्या प्रत्येक दारावर गुजराती कागद चिकटवून गेला. खाली गोल, जांभळा शिक्का. ताराच्या आईला, पुष्पाबाईला, वाचता येत नव्हतं. पण शिक्क्याची किंमत ठाऊक होती. रेशनकार्डासाठी तीन वर्षं खेटे घालताना खिडकीतून एकच प्रश्न यायचा, इथे राहता त्याचा पुरावा काय? तिने खळ वाळायच्या आत ओल्या फडक्याने कागद अलगद सोडवला, सुकवला आणि पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवला. शेजारणींनीही तेच केलं. तारानेही नुसता शिक्काच पाहिला; कागद वाचून बघावा असं कुणाच्या मनातच आलं नाही.

"भाबी, सरकारनेच लिहून दिलं," शेजारचा लोटू म्हणाला. "आता कोण हलवतंय आपल्याला!"

दहाव्या दिवशी शाळेत गुरुजींनी नोटीस म्हणजे काय ते शिकवलं. सरकारला काही करायचं असलं तर ते आधी लेखी कळवतं. आपल्याला ते मान्य नसेल तर हरकत घ्यायची, तीही लेखी आणि मुदतीच्या आत. मुदत टळली की हरकतीला कुणी विचारत नाही. गुरुजींनी फळ्यावर नमुना काढला, खाली गोल शिक्का काढला. तारा बघतच राहिली.

घरी येऊन तिने पेटी उघडली. गुजराती तिला शाळेत होतंच. बोट ठेवून तिने एकेक ओळ वाचली.

"काय लिखेल शे?" पुष्पाबाईने विचारलं.

"आपलं घर अतिक्रमण आहे, माय. सरकारी जागेवर परवानगीशिवाय बांधलेलं. सात दिवसांत हरकत घ्या, नाहीतर पाडणार."

"मग सात दिवस कधी व्हतीन?"

"झाले. वर तीन दिवस झाले."

पुष्पाबाईने कागद हातात घेतला. "शिक्का तर खरा शे ना?"

"खरा आहे."

तिने तो पुन्हा त्याच घडीत ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी बुलडोझर आला, बरोबर कचेरीचे साहेब आणि तो कागद चिकटवणारा माणूस. लोटू आपला कागद उंच धरून पुढे गेला. साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि परत दिला. "बराबर आहे. यातच लिहिलंय," ते म्हणाले.

दुपारपर्यंत रांग सपाट झाली. पुष्पाबाई पेटीवर बसून होती. पत्र्याखालची भांडी काढायलाही ती उठली नाही.

जाता जाता कचेरीच्या माणसाने दुसऱ्या रांगेच्या दारांवर कागद चिकटवले. त्याची पाठ वळताच सखुबाई ओलं फडकं घेऊन आपल्या दाराशी आली.

ताराने धुळीतून दप्तर उपसलं आणि ती तिकडे निघाली. "मावशी, थांब, सोडवू नको," ती म्हणाली. मग कागदावर बोट ठेवून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, तिने पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.