हॅलोचं इंग्रजी

“आता बघ हं, थोरला उठून उभा राहील आणि धाकटा मुद्दाम नाव हलवेल,” हॅलो म्हणाली, आणि टीव्हीच्या पडद्यावर अगदी तसंच झालं. थोरला भाऊ अंगातल्या कोटासकट नदीत पडला. शिवणबाई हसत सुटली. हसता हसता तिची नजर खाली गेली. चित्राच्या तळाशी पांढरी अक्षरं उमटत होती, आपल्या भाषेतली, सरळ वाचता येतील अशी.

“ही काय भानगड?” हॅलोने विचारलं. तिचं हसू थांबलं होतं.

“भाचीने लावून दिलीत सकाळी. म्हणाली, मावशी, खाली अक्षरं येतील, म्हणजे तुम्हाला सगळं कळेल.”

“काढ ती. चित्र झाकलं जातंय.”

“मला नाही येत काढता.”

 हॅलोने चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा लावला आणि खुर्चीत जरा मागे सरकून बसली.

रविवारची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी हॅलो गाव सोडून चालली होती, कायमची. गुडघे गेले होते, एकटीने राहणं जमत नव्हतं, म्हणून भावाचा मुलगा तिला आपल्याकडे न्यायला येणार होता. सामान बांधून झालं होतं. या रविवारी काय करायचं, ते दोघींनी महिनाभर आधी ठरवलं होतं. या नावाडी भावांचे तिन्ही सिनेमे एका दमात बघायचे. पहिले दोन दोघींनी थिएटरात एकत्र पाहिले होते. तिसरा लागला तेव्हा हॅलोची आई अंथरुणाला खिळलेली होती. “मी नाही बघणार तुझ्याशिवाय,” असं शिवणबाई म्हणाली आणि सिनेमा आठवड्याभरात उतरला. त्याला एकोणीस वर्षं झाली. तिने शब्द पाळला होता.

दोघींची सगळी नोकरी एकाच इस्पितळात झाली. तळघरात कपड्यांची खोली होती, तिथे शिवणबाई मशीनवर बसायची. चारशे खाटांच्या चादरी तिच्या हाताखालून जायच्या. चादर मध्यभागी विरली, की ती उभी फाडायची आणि चांगल्या राहिलेल्या दोन्ही कडा मधे आणून जोडायची. चादर आणखी दोन वर्षं निघते. भिंतीपलीकडे टेलिफोनची खोली होती. तिथल्या बाईची ‘हॅलो’ म्हणायची अशी काही लकब होती, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याच फोनची ही सकाळपासून वाट बघत होती. तेच तिचं नाव पडलं. तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

आणि हॅलोला इंग्रजी येत होतं. शिवणबाईने ते रोज भिंतीतून ऐकलं होतं. ‘प्लीज होल्ड द लाइन’, ‘डॉक्टर इज इन थिएटर’, ‘आय विल कनेक्ट यू’. मोठमोठ्या डॉक्टरांशी ती असं फाडफाड बोलायची, की शिवणबाईचा मशीनवरचा पाय आपोआप हळू व्हायचा.

चौतीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरांना दोन पास मिळाले आणि ऐनवेळी त्यांना जाणं जमेना. पास तळघरात आले. इंग्लंडचा विनोदी सिनेमा होता. “मला काय कळणार त्यातलं?” शिवणबाई म्हणाली. “मी आहे ना सांगायला,” हॅलो म्हणाली.

दोन सख्खे भाऊ. दोघांत मिळून एक नाव. लोकांना नदीपार पोचवायचं, एवढाच धंदा. पण दोघांचा अबोला. थोरल्याला धाकट्याला काही सांगायचं असलं, की तो मधे बसलेल्या उतारूला सांगायचा, “त्याला म्हणावं, डावीकडे वल्हव.” उतारूने मान वळवून तेच धाकट्याला सांगायचं. कधी पाद्री, कधी नवरीमुलगी, कधी बकरी घेऊन चाललेली म्हातारी. अंधारात हॅलो शिवणबाईच्या कानाशी लागून सगळं सांगत होती, एकेकाचा आवाज काढून. हसून हसून शिवणबाईच्या पोटात दुखायला लागलं. मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी दोनदा ‘शू’ केलं, मग तेही पुढे वाकून ऐकायला लागले.

आज तोच सिनेमा घरी चालला होता, आणि हॅलो गप्प होती. शिवणबाई अक्षरं वाचत होती. बकरीवाली म्हातारी आली. चौतीस वर्षांपूर्वी ही म्हातारी बकरीला म्हणाली होती, “बघून ठेव गं, लग्न केलंस तर घरात असले दोन दीर मिळतील.” त्यावर दोघी आठवडाभर हसत होत्या. आज खाली अक्षरं आली, ‘बकरीचं वेगळं भाडं पडेल का?’

शिवणबाईला वाटलं, आपली वाचण्यात चूक झाली. मग आणखी एक आलं, मग आणखी. थोरला विधवा बाईला मागणी घालतो, तो प्रसंग मुळी मागणीचा नव्हताच. तो तिला नावेच्या परवान्याबद्दल विचारत होता. शिवणबाईने कडेला पाहिलं. हॅलो हातातल्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती.

“भाषांतर करणारे काहीही लिहितात,” हॅलो म्हणाली.

“तर काय,” शिवणबाई म्हणाली.

दुसरा सिनेमा लागला तेव्हा तिला खरं म्हणजे तो बंद करावासा वाटत होता. कारण त्यात ती जागा होती.

हा दुसरा भाग तिने पाहिला, त्याच्या आधी महिनाभर तिचं बाळ गेलं होतं. चार दिवसांचं होतं. त्याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर. नवरा फिरतीच्या नोकरीवर होता, तो पंधरा दिवस थांबला आणि गेला. त्याला दुसरं करता येण्यासारखं काही नव्हतं. ती मात्र खोलीतून बाहेर पडेना. चादरी तिच्याच हातून त्या मजल्यावर जायच्या, आणि आता त्या शिवायच्या कशा, हे तिला समजेना. हॅलो रोज येऊन बसायची, ही बोलायची नाही. शेवटी एका रविवारी हॅलोने तिच्या पायात चपला सरकवल्या आणि तिला दुपारच्या खेळाला ओढून नेलं.

सिनेमात नदीवर पूल झाला होता. उतारू येईनासे झाले होते. नाव काठावर उपडी पडलेली, आणि धाकटा तिला टेकून रडत बसलेला. तेवढ्यात एक म्हातारी बाई त्याच्याशेजारी येऊन उभी राहते आणि त्याला काहीतरी सांगते. हॅलोने शिवणबाईच्या कानात सांगितलं, “म्हणते, बाळा, कुणी येवो न येवो, नाव रोज पाण्यात घाल. कोरडी ठेवलीस तर तिला भेगा पडतील.”

शिवणबाई त्या अंधारात महिन्याभरात पहिल्यांदा रडली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली. पुढे नवरा वारला तेव्हा ते वाक्य तिने स्वतःला पुन्हा सांगितलं. कपड्यांच्या खोलीत नव्याने लागलेल्या मुलींना सांगितलं, भाचीचा संसार मोडायला आला तेव्हा तिला सांगितलं. “एका इंग्रज बाईचं आहे,” असंही सांगायची. एकच गोष्ट तिला तेव्हापासून खटकत होती. म्हातारी ते बोलली तेव्हा सगळं थिएटर खदखदून हसलं होतं. एवढ्या समजुतीच्या बोलण्याला लोक का हसतात, ते तिला कळलं नव्हतं.

आता तो काठ आला. उपडी नाव आली.

“मी चहा टाकते,” हॅलो म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

“थांबवू का?”

“नको, चालू दे. माझं पाहिलेलं आहे.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा नेहमीपेक्षा जास्त आवाज झाला. म्हातारी येऊन उभी राहिली. तिने तोंड उघडलं. खाली अक्षरं आली.

‘तू माझ्या टोपीवर बसला आहेस.’

शिवणबाई अक्षरं गेली तरी तिथेच बघत राहिली. धाकट्याने उठून अंगाखालून चपटी झालेली टोपी काढली. पुढे बरंच काही झालं, ते तिने पाहिलं नाही. आधी तिला राग आला. सत्तावीस वर्षं आपण जगाला इंग्रज बाईचं म्हणून सांगत फिरलो, आणि ही ऐकत होती. तोंडातून एकदा तरी काढायचं. मग तिला ओशाळल्यासारखं झालं. आणि मग, आतून किटली खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा, तिच्या मनात आलं, की ते वाक्य कुणीतरी म्हणालं तर होतंच. म्हातारी म्हणाली नव्हती. मग त्या अंधारात, कानाला ओठ लावून, कोण म्हणालं होतं?

तिला एकाएकी त्या जुन्या सिनेमाची फार आठवण आली. समोर चाललेल्या नव्हे, त्या दुसऱ्या, ज्यात बकरीशी बोलणारी म्हातारी होती, थोरल्याने विधवेला मागणी घातली होती आणि काठावर एक शहाणी बाई येऊन उभी राहिली होती. तो सिनेमा आता कुठेच लागणार नव्हता. तो पाहिलेली माणसं जगात दोनच होती, आणि त्यातलं एक उद्या चाललं होतं.

हॅलो दोन कप घेऊन आली. “झालं का ते काठावरचं?” तिने कपाकडे बघत विचारलं.

“झालं,” शिवणबाई म्हणाली. “चहात साखर घातलीस ना?”

दुपारी जेवणं झाल्यावर हॅलो जरा आडवी झाली. शिवणबाईने गॅलरीत जाऊन भाचीला फोन लावला आणि आवाज बारीक करून विचारलं, “अगं, ती अक्षरं कशी घालवायची?”

“का मावशी? कळत नाही का तुम्हाला?”

“कळतंय. म्हणून तर विचारतेय.”

भाचीने कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं. शिवणबाईने ते दोनदा वदवून घेतलं.

तिसरा सिनेमा सुरू झाला. नदी आली, धुकं आलं, दोघं भाऊ आले. दोघांचेही केस पांढरे झाले होते. थोरला काहीतरी म्हणाला. चित्राचा तळ कोरा होता.

हॅलो क्षणभर बघत राहिली. “अक्षरं कुठे गेली?”

“काढली. माझ्या डोळ्यांना त्रास होत होता.” शिवणबाईने आपली खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला लावली. “तू सांग. मला काय कळतंय इंग्रजी?”

हॅलोने तिच्याकडे पाहिलं. शिवणबाईने पडद्यावरची नजर हलवली नाही.  मग हॅलोने घसा खाकरला.

“थोरला म्हणतोय,” ती म्हणाली, “इतकी वर्षं झाली, आता बोलायचं का आपण? आणि धाकटा म्हणतोय, बोललो असतो, पण विषय काय होता तेच विसरलो.”

शिवणबाई हसली. हॅलोचा आवाज सुटला. गावचा मेयर आला, त्याला तिने नाकातला आवाज दिला. एका हेकट बदकाला तिने त्यांच्या जुन्या मेट्रनबाईंचा आवाज दिला, आणि दोघींना हसू आवरेना. शिवणबाई मधेच “मग तो काय म्हणाला?” विचारत होती, आणि हॅलो सांगत होती. खोलीत ऊन तिरपं होत गेलं.

शेवटी शेवटी नावेत धाकटा एकटाच दिसला. थोरल्याची जागा रिकामी होती. धाकटा वल्हं मांडीवर घेऊन त्या रिकाम्या फळीशी बोलायला लागला. मधे उतारू कोणी नव्हता. तो खूप वेळ बोलत होता.

शिवणबाई थांबली. हॅलो काही सांगेना.

“काय म्हणतोय?”

हॅलोचे ओठ हलले. मग ती हळू आवाजात म्हणाली, “मला नाही गं कळत.”

धाकटा बोलतच होता.

“मला कधीच आलं नाही इंग्रजी. चाळीस वाक्यं यायची. नोकरीला लागले तेव्हा एका ख्रिश्चन नर्सने वहीत लिहून दिली होती. त्याच्या पलीकडचं कोणी काही बोललं, की मी डॉक्टरांना जोडून द्यायची.”

“हो,” शिवणबाई म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“आज सकाळपासून.”

हॅलोने मान खाली घातली. “तुला राग आला असेल.”

“आला होता. चहा होईपर्यंत.” शिवणबाई तिच्याकडे वळली. “ते नावेचं कुठून आणलंस? भेगा पडतात ते?”

“आता आठवतही नाही. कुठे वाचलं होतं की मनाने रचलं. तू महिनाभर तोंड उघडलं नव्हतंस. मला भीती वाटत होती. काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि मी म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. ती बाई बोलत होती, तिच्या तोंडी घातलं.” ती थोडी हसली. “मला काय माहीत, लोक हसतील म्हणून.”

शिवणबाईने तिचा हात आपल्या हातात घेतला. सुईने घट्टे पडलेली तिची बोटं हॅलोच्या मऊ तळव्यावर तशीच राहिली. पडद्यावरचा माणूस काय बोलत होता, ते दोघींनाही समजत नव्हतं. त्याचं बोलणं संपेपर्यंत दोघी ऐकत राहिल्या.

सहाच्या सुमारास हॅलो निघाली. सकाळी लवकर गाडी होती. “पोचले की फोन करीन,” ती म्हणाली. “खाली नको येऊस. चार मजले उतरायचे आणि परत चढायचे.”

“नाही येत.”

दाराशी दोघी जरा उभ्या राहिल्या. मग हॅलोने कठड्याला हात लावला आणि एक पाय खाली टाकला, त्याच पायरीवर दुसरा आणला, मग पुढची पायरी. शिवणबाई चौकटीत उभी राहून तिची पावलं ऐकत होती. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली, दम घेतला. दुसऱ्यावर थांबली. मग खालचं लोखंडी फाटक वाजलं आणि जिना शांत झाला.

समोरच्या घरातले आजोबा कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आले. तिला तशी उभी बघून त्यांनी विचारलं, “कुणी यायचंय का?”

“नाही,” शिवणबाई म्हणाली. “येऊन गेली.”

ते मान हलवून आत गेले. तिने दार लगेच लावलं नाही.