बघ्यांना जागा नाही

भिंगरीच्या घरी जेवणाच्या टेबलावर दर रविवारी राज्यं बुडायची आणि चहा येईपर्यंत परत उभीही राहायची! खेळ साधाच. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट चालवायची भिंगरी. नियम एकच, पण काळ्या दगडावरची रेघ : बघ्यांना जागा नाही. खोलीत पाऊल टाकलं की सोंग घ्यायचं. आई नुसता चहा घेऊन आली तरी तिला चेटकीण व्हावं लागे.

"एरवी काय वेगळी असते मी?" म्हणत ती फासा टाकून जायची.

नियम खरं तर मामासाठी होता. औषधांच्या दुकानात काम करणारा मामा स्वतःचं नाव सांगतानाही अडखळायचा. पण टेबलावर तो सेनापती झाला, की शब्द कसे घोड्यावर बसून यायचे!

मग एका बुटांच्या कंपनीचा जाहिरातवाला आला. "खरे खेळणारे हवेत, एकदम खरे!" हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशी भिंगरी.

"पण तुम्हालाही सोंग घ्यावं लागेल हं."

"अगं, आम्ही कोपऱ्यात उभे राहू. आम्ही नाहीच असं समज."

ती तसं समजली. कॅमेरा सुरू झाला, खेळ रंगला. मामाने दोन्ही हात पसरून दार अडवलं. "मी उभा आहे तोवर या दारातून कुणी आत येणार नाही!" एकदाही न अडखळता. भिंगरीच्या अंगावर काटा आला.

टीव्हीवर मामाचं तेच वाक्य लागलं. डोक्यावर कॉम्प्युटरने चिकटवलेलं पातेलं, मागे बेडकाचं डरांव डरांव. खिडकीबाहेर नवे बूट घातलेली देखणी मंडळी त्याला हसत होती. खाली अक्षरं : 'आयुष्य बाहेर आहे.'

"सेनापती, खोकल्याचं औषध द्या, का दार अडवताय?" दुकानात गिऱ्हाइकं विचारू लागली. मामा हसायचा. हळूहळू तो गोळ्या कधी घ्यायच्या तेही बोटांनीच दाखवायला लागला.

रविवारी मात्र आला. भिंगरीला केवढं हायसं वाटलं! तिने फासा त्याच्यापुढे सरकवला. "सेनापती, शत्रू दाराशी आलाय."

मामाने फासा हळूच परत सरकवला.

"तु... तुम्ही खेळा, भिंगरे. मी न... नुसता ब... बघतो."

या खोलीत तो आजवर कधी अडखळला नव्हता. नियम तिच्या ओठांवर आला आणि तिथेच मेला. तो तिनेच मोडला होता ना.

सगळे तिच्याकडे बघत होते. गोष्ट पुढे न्यायलाच हवी होती.

"दारात कुणीच नाही," भिंगरी म्हणाली. "शत्रू आत आला."