डाग काढलेला फोटो

पत्रिकेत मंगळ निघाला की लोकांची झोप उडते. शांती करा, पूजा घाला, पोरीची पत्रिका लपवा, काय काय करतात. खर्ड्याच्या राधाकृष्ण मास्तरांनी मात्र मंगळाला घरात कपाटभर जागा दिली होती. आता बोला!

कपाट शाळेचंच, नकाशे ठेवायचं, रुंद आणि उथळ खणांचं. मास्तर रिटायर झाले त्या साली शाळेनं ते मोडीत काढलं आणि मास्तरांनी बैलगाडीतून घरी आणलं. त्यात मंगळाचे फोटो होते, थेट अमेरिकेहून आलेले. मास्तरांचा एकुलता एक मुलगा कानिफनाथ तिकडे एका प्रयोगशाळेत होता. मंगळाभोवती घिरट्या घालणारं यान खाली नुसते आकडे पाठवायचं. त्या आकड्यांची मशीनवर चित्रं करायची, ती साफ करायची आणि कुणी मागितलं की झटकन सापडेल अशी लावून ठेवायची, हे त्याचं काम. जादा निघालेल्या प्रती तो बापाला धाडायचा.

बाप काय, मुलाच्या वरताण! उत्तरेचे फोटो वरच्या खणात, मधल्या पट्ट्याचे मधे, दक्षिणेचे खाली. प्रत्येक दोन फोटोंत वर्तमानपत्राचा कागद, कोपऱ्यात कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला. फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं नोंद: नंबर, भाग, काय दिसतं आणि शेवटी दोष. एक नियम तर इतका कडक की शाळेतही त्यांनी तसा पाळला नसेल. फोटोच्या तोंडाला शाई लागता कामा नये. लिहायचं ते पाठीवर.

सुरुवातीच्या फोटोंवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या रांगा होत्या. मंगळावर कुणी हद्दीचे दगड रोवलेत की काय, असं मास्तरांना वाटलं. कानिफनं कळवलं, "अण्णा, ते ठिपके मंगळाचे नाहीत, कॅमेऱ्याच्या काचेवरचे आहेत. मोजमापापुरते असतात. आम्ही ते पुसून टाकतो." पुढचे फोटो बिनठिपक्यांचे आले. मास्तरांना मोठं कौतुक वाटलं.

पण कौतुक सांगायचं कुणाला? बहात्तरचा दुष्काळ पडला होता. निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या वाटेला लागलं होतं आणि उरलेलं दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. दिवसा आळीत कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. शेजारच्या रंगुबाई तेवढ्या गुडघ्यांमुळे मागं राहिलेल्या. त्या रोज दुपारी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी आणून उंबऱ्यावर ठेवायच्या आणि "खा बरं, मास्तर" म्हणून निघून जायच्या.

बोलायला कुणी नसलं की माणूस भिंतीशी बोलतो. मास्तरही बोलायचे, पण त्यांच्या भिंतीवर खिळ्याला झुंबरबाई होती.

झुंबरबाई म्हणजे मास्तरांची बायको. कानिफ तीन वर्षांचा असताना पटकीनं गेली. तिचा जन्मात एकच फोटो निघाला, मढीच्या जत्रेत, रंगवलेल्या पडद्यापुढं, कानिफला मांडीवर घेऊन. मास्तरांनी दुसरं लग्न केलं नाही. संध्याकाळी दिवा लावला की फोटोसमोर बसून दिवसाचा हिशोब द्यायचे. आज अमुक आलं होतं, आज तमुक म्हणाला, आज मंगळावर एक दरी सापडली बघ, इथून नगरला जाऊन परत यावं एवढी रुंद. फोटोला बुरशीचे डाग पडले होते, काचेला चिकटून तो जागोजाग काळवंडला होता. मास्तरांचं काही अडत नव्हतं.

अडलं कानिफचं. त्याची मुलगी विचारायला लागली, तुझी आई कशी होती? आणि त्याला सांगताच येईना. तीन वर्षांच्या पोराला काय आठवणार? त्यानं लिहिलं, "अण्णा, तो फोटो पाठवा. इथं मी तो साफ करतो. एक चांगली प्रत तुम्हाला, एक मला."

मास्तरांच्या जिवावर आलं. चार दिवस फोटो खिळ्यावरून काढायचे आणि परत टांगायचे. शेवटी म्हणाले, अगं, नातीला भेटून ये. आणि चौकटीसकट कापसात गुंडाळून पोस्टात दिला. मग सुरू झालं वाट बघणं. भिंतीवर नुसता खिळा. त्याच्याशी तरी काय बोलणार?

उन्हं तापायला लागली तेव्हा पाकीट आलं. मास्तरांनी हात धुतले, पुसले आणि मगच ते फोडलं. फोटो मोठा, लख्ख, एक सुरकुती नाही. पाठीवर कानिफचं अक्षर: "अण्णा, ही आई. डाग सगळे काढले. हनुवटीवर फार होते. मूळ फोटो काचेवरून सोडवताना त्याचा चुरा झाला, मला माफ करा. मुलीला रोज दाखवतो, ही तुझी आजी."

मास्तरांनी फोटो सुलटा केला.

ही कोण?

डोळे तेच असावेत. नाक तेच. मांडीवर कानिफ तर होताच, टोपडं घातलेला. पण बाई ओळखीची वाटेना. गोरीगोमटी, नितळ, साबणाच्या जाहिरातीतली कुणी. मास्तरांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला, दारात नेला. छे! तरीही तो खिळ्याला लावला आणि संध्याकाळी नेहमीसारखे समोर बसले. तोंडातून शब्द फुटेना. उलट त्यांनी सदऱ्याची बटणं लावून घेतली, परक्याच्या बायकोसमोर बसल्यासारखी.

भीती वेगळीच होती. फोटोत काय चूक असणार? मंगळ साफ करणारी मशिनं ती, चुकतील कशी? चुकत असेन तर मीच. म्हणजे इतकी वर्षं मी त्या डागांशीच बोलत होतो आणि हिचा चेहरा केव्हाच विसरलो? या जगात झुंबर कशी दिसायची हे ठाऊक असलेला मी एकटा. मीच विसरलो तर ती राहिली कुठं? मास्तरांचं अन्नावरचं मन उडालं. कपाट उघडावंसं वाटेना, पाला वाळून गेला.

दोन दिवसांची भाकरी उंबऱ्यावर तशीच बघून रंगुबाई आत आल्या.

"काय वं मास्तर, माजी भाकर कडू लागती व्हय?" मग त्यांची नजर भिंतीवर गेली. "ही कोन पाव्हनी?"

"तुम्हीच सांगा," मास्तर म्हणाले.

रंगुबाई गुडघ्यावर हात ठेवून जवळ गेल्या, न्याहाळून बघितलं. "कानिफ हाय मांडीवर. मंग ही झुंबर? छ्या! आवो, हिची हनुवटी उघडी हाय की! गोंदान कुटं गेलं?"

मास्तर उठून फोटोपाशी आले.

"मढीच्या जत्रंत गोंदून घेतलं हुतं आमी," रंगुबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यावर पैल्या वर्साला. एकाच बाईम्होरं बसलो हुतो. म्या बोंब ठोकली, समदी जत्रा गोळा झाली. झुंबर हूं न्हाई का चूं न्हाई. सुई एक, नमुना एक. हे बगा." आणि त्यांनी हनुवटी पुढं केली. तीन ठिपके, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले.

माणसाचा चेहरा कुणी मोजदाद करून लक्षात ठेवत नाही. मास्तरांनीही ठेवला नव्हता. पण ते ठिपके बघितले मात्र, आणि झुंबरबाई हसली की ते कसे पसरायचे, रागावली की कसे जवळ यायचे, सगळं डोळ्यांपुढं आलं. "आईचं गोंदण धुतलं रे पोरानं, डाग म्हणून!" असं म्हणत ते हसायलाच लागले आणि हसता हसता ढसाढसा रडले. रंगुबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

"विसरलो नव्हतो मी, रंगुबाई."

"तुमी कशाला इसरताय!"

मास्तरांनी तोंड धुतलं. कपाटावर फोटो ठेवला, बोरू बारीक तासला, दौत उघडली. "जरा उजेडात बसता?" रंगुबाई दारात बसल्या, वर तोंड करून, जत्रेत बसल्या होत्या तशा. फोटोच्या तोंडाला शाई लावायची नाही हा नियम मास्तरांनी त्या दिवशी मोडला. एक ठिपका. रंगुबाईंकडे बघून दुसरा. तिसरा टेकला आणि झुंबरबाई आली.

दोन दिवस ती घरी राहिली. दोन्ही संध्याकाळी मास्तर तिच्याशी पोटभर बोलले. एकदा वाटलं, राहू द्यावी इथंच, पोराला कळवलं की झालं. पण कळवून काय होणार? ठिपके कुठं, केवढे, हे त्याला कागदावर कसं सांगायचं? तिकडे नात रोज एका परक्या बाईला आजी म्हणत होती. मास्तरांनी फोटो उतरवला, पालथा घातला आणि शिसपेन्सिलीनं नोंद केली.

"नंबर: नाही. भाग: खर्डा. काय दिसतं: झुंबरबाई, मांडीवर तू. दोष: नाही. हनुवटीवरचे तीन ठिपके तुझ्या आईचे आहेत. पुसू नकोस."

पोस्टातून परत आले तेव्हा घर उन्हानं भरलं होतं. खिळा रिकामा होता. मास्तर त्याच्यासमोर बसले, पण बोलावंसं वाटेना. तेवढ्यात उंबऱ्यावर ताटली वाजली.

"खा बरं, मास्तर."

"रंगुबाई," मास्तर म्हणाले, "लगेच जाऊ नका. बसा जरा."

रंगुबाई गुडघा धरून उंबऱ्यावर टेकल्या. मास्तरांनी त्यांच्या हनुवटीकडे एकदा बघितलं, भाकरी मोडली आणि पोस्टात आज काय काय झालं ते सांगायला लागले.