पांढऱ्या चहाचा थर्मास

मी थर्मास बोलतोय. आज बूच जरा सैल बसलंय म्हणून एवढं तरी बोलता येतंय. एरवी आमच्या जातीला तोंड मिटूनच जन्म काढावा लागतो.

रंगाने लाल, पोटावर गुलाबी फुलं, बाहेरून पत्रा, आत काच. माझा जन्म मंगोलियाच्या दक्षिणेला, सीमेपलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही सगळे भाऊ रांगेत उभे असायचो आणि प्रत्येकाला वाटायचं, आपण एखाद्या मोठ्या हॉटेलात जाणार. मी मालगाडीत बसलो, उतरलो मंगोलियात, आणि गेलो उयांगाच्या रुखवतात.

आम्ही दोघं एकाच दिवशी सासरी आलो. सासूबाईंनी, म्हणजे दुलमाबाईंनी, नव्या गोल घरातली चूल आपल्या हाताने पेटवली. सुनेने तिच्यावर पहिला चहा केला, दूध आणि चिमूटभर मीठ घालून, आणि तो माझ्यात ओतला. पाहुणे एकेक घोट घेऊन गप्प बसले. नव्या सुनेची परीक्षाच असते ती. उयांगा मान खाली घालून उभी होती, पण कोणाची भुवई किती वर गेली ते सगळं तिने टिपलं होतं. ती बोलते कमी, बघते जास्त. बाहेरून पत्रा, आतून काच. आमचं तेव्हाच जुळलं.

माळावरचे दिवस बरे होते. मेंढ्या होत्या, दूध होतं, आणि उयांगाच्या नवऱ्याला, झोरिगला, घोड्यांविषयी बोलायला ऐकणारे लोक होते. पुढे नोमिन झाली, मग ओचिर झाला. मग तो एक हिवाळा आला. बर्फाने कवच धरलं, गवत खाली राहिलं आणि मेंढ्या वर. वसंतापर्यंत कळप म्हणावा असं काही उरलं नाही. झोरिगने घरावरचा लोकरीचा नमदा गुंडाळला, लाकडी जाळ्या दुमडल्या, आम्हा सगळ्यांना ट्रकमध्ये घातलं आणि राजधानीतल्या, उलानबातरच्या टेकडीवर नेऊन पुन्हा उभं केलं. घर तेच, चूल तीच. दारातून दिसायचं तेवढं बदललं.

त्याच वर्षी ओचिर तीन वर्षांचा झाला होता. आमच्याकडे मुलाचं जावळ तिसऱ्या वर्षी काढतात, नाहीतर पाचव्या. पाहुणे जमतात, निळा रेशमी पट्टा बांधलेल्या कात्रीने एकेक जण एकेक बट कापतो, खाणं-पिणं होतं. कुठले पाहुणे आणि कुठलं खाणं? जावळ राहिलं. केस वाढत गेले, वेणी आली. टेकडीवर जो भेटेल तो म्हणायचा, "काय गोड मुलगी आहे!" आणि ओचिर लांडग्यासारखा गुरगुरायचा.

घरात काय चाललंय हे कोणाला पडलेल्या चेहऱ्यांवरून कळतं. मला पोटातून कळतं. झोरिग बाजारात पोती उतरवायच्या कामाला जायचा. काम मिळालं की माझ्यात पांढरा चहा, नाही मिळालं की काळा. दूध चमचाभरच असलं की दुलमाबाई म्हणायच्या, "आधी आकाशाला." मग उयांगा लाकडी चमच्याने तो पांढरा घोट दाराबाहेर आकाशाकडे उडवायची आणि घरातले काळा प्यायचे. आकाशाची तब्येत त्या वर्षी चांगली राहिली.

काळ्या चहाला उयांगाची हरकत नव्हती. हरकत होती ती पाहुण्याची. आमच्याकडे कोणीही दाराशी आलं की हाक मारतं, "कुत्रा धरा!" घरात कुत्रा असो नसो. ही हाक आली की चहा पुढे केलाच पाहिजे. आणि पाहुण्यापुढे काळा चहा ठेवायला तिचा हात धजावत नव्हता.

म्हणून तिने एक युक्ती काढली. नोमिन सकाळी शाळेला जाताना दाराला बाहेरून कुलूप घालायची. बाकीचे आत चिडीचूप. घर बंद, माणसं नाहीत, चहा नाही. फक्त एक गोष्ट त्या शहाण्या बाईच्या ध्यानात आली नाही. कुलूप दाराला होतं, धुराड्याला नव्हतं. छपरातून धूर निघतोय हे अख्ख्या टेकडीला दिसत होतं.

एके दिवशी शेजारच्या त्सेर्मा मावशी आल्या. विधवा बाई, मुलं मोठी होऊन दूर गेलेली, आवाज मात्र अजून माळावरचा.

"कुत्रा धरा!"

आत सगळे श्वास रोखून बसले. उयांगाने ओचिरच्या तोंडावर हात ठेवला. इतक्यात दुलमाबाईंनी तपकिरीची चिमूट ओढली आणि अशी काही शिंक दिली की माझं बूच हललं.

बाहेरून त्सेर्मा मावशी म्हणाल्या, "अगंबाई, कुलूप शिंकलं! सर्दी झालीय बिचाऱ्याला. धूर पण निघतोय, म्हणजे तापही असेल." आणि उंबऱ्याशी वाफवलेल्या मोमोंनी भरलेला वाडगा ठेवून त्या हसत निघून गेल्या.

ती शिंक आलेली होती की काढलेली, याबद्दल मला अजून शंका आहे. दुलमाबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांच्या घराला दार होतं. कुलूप काय असतं ते मी शहरात येऊन बघितलं."

मोमो मुलांनी खाल्ले. वाडगा राहिला. आता आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर काहीतरी घालूनच द्यायचं. घालायला काही नव्हतं, म्हणून वाडगा फळीवर माझ्या शेजारी येऊन बसला. तिथे आधीपासून दुसऱ्या शेजाऱ्यांचे वाडगे होतेच. उयांगा रोज ते पुसायची आणि जागच्या जागी ठेवायची. तिला कुलपापेक्षा त्यांचीच जास्त लाज वाटायची. त्सेर्मा मावशी म्हणे तेव्हा पातेल्याच्या झाकणातून जेवायच्या. पण वाडगा मागायला त्या काही आल्या नाहीत.

आता मुलांच्या पैशांची गोष्ट. लहान मुलं असलेल्या घराला सरकारकडून महिन्याच्या महिन्याला थोडे पैसे मिळतात. सगळे त्यांना 'मुलांचे पैसे' म्हणतात. आमच्या घरचे अडकले होते, कारण झोरिगने कागदपत्रं खोगिराच्या पिशवीत ठेवली होती आणि खोगीर माळावर भावाकडे राहिलं होतं. भाऊ ट्रकने आला, खोगीर आलं, कागद सापडले. आणि एका दुपारी उयांगाचा फोन वाजला, टिंग. शेजारच्या आवारात टिंग, वरच्या आवारात टिंग, मग टेकडीवरची सगळी कुत्री भुंकायला लागली. पैसे सगळ्यांचे एकदमच येतात.

झोरिगने त्या पैशांचं जंगी स्वागत केलं. अर्धी मेंढी, पिशवीभर गोळ्या, स्वतःला एक नवी टोपी. ज्यांना हाक मारली ते आले, ज्यांना नाही मारली तेही आले. मी दिवसभर हातोहात फिरलो. माझी कडी त्याच दिवशी तुटली, तेव्हापासून तारेची आहे. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण पंधरवडा संपायच्या आत माझ्यात पुन्हा काळा चहा आला आणि नोमिनने पुन्हा कुलूप घातलं.

पुढची टिंग झाली तेव्हा झोरिग उठून टोपी घालायला लागला. उयांगा म्हणाली, "बस."

"अगं, पैसे आलेत!"

"आलेत. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येणारेत. मग पाहुणा आल्यासारखी मेंढी कशाला कापायची? घरचं माणूस आलंय असं समज. त्याला रोजचं जे आहे ते वाढायचं."

झोरिग आईकडे बघायला लागला. दुलमाबाईंनी तपकिरीची डबी उघडली, मिटली आणि म्हणाल्या, "टोपी काढ. चांगली दिसत नाही तशीही."

उयांगाने टेकडीच्या वरच्या अंगाला गायी पाळणाऱ्या बाईकडे दुधाचा रतीब लावला. दूध रोज, पैसे टिंग झाल्यावर. ती बाई आधी एक माप दूध उधार द्यायला तयार नव्हती. आता महिनाभराचं द्यायला लागली, कारण टिंग तिच्याही फोनवर व्हायची, म्हणजे आमचे पैसे कधी आले ते तिला कळायचं. मग पिठाचं पोतं आलं. मग नोमिनचे बूट. बूट फाटले होते म्हणून थंडीत तिची शाळा बुडायची, ती बुडायची थांबली. झोरिगचं काम कधी असायचं, कधी नसायचं, ते तसंच राहिलं. फक्त काम नसलेल्या दिवशी कोणी कोणावर खेकसेनासं झालं.

आणि माझ्यात रोज पांढरा चहा. सकाळी आकाशाला, मग घरच्यांना, मग येईल त्याला. कुलूप ओचिरने खेळायला नेलं आणि हरवलं. कोणी शोधलं नाही.

उरलेल्या दुधाचं उयांगा दही लावायची, वाळवून त्याचे कडक खडे करायची, पिठाच्या वड्या तळायची. आणि फळीवरचे वाडगे एकेक करून निघाले. त्सेर्मा मावशींचा सगळ्यात आधी, काठोकाठ. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, झाकणाला माझी सवय लागायला लागली होती." चार दिवसांनी तोच वाडगा भाजलेलं पीठ घेऊन परत आला. मग उयांगाने त्यातून दही पाठवलं. कोणाचा वाडगा कोणाकडे हे हळूहळू कोणाच्या लक्षात राहीनासं झालं. आमचे तिकडे, त्यांचे आमच्याकडे.

ओचिर पाच वर्षांचा झाला. आता जावळ काढायचंच होतं, कारण पुढचं सहावं, आणि सम वर्षी जावळ काढत नाहीत. दुलमाबाई लामाकडे जाऊन शुभ दिवस काढून आल्या. आमच्याकडे वर्षांना प्राण्यांची नावं असतात; घोड्याच्या वर्षात जन्मलेल्या बाईने पहिली बट कापावी, असंही त्याने सांगितलं. तशा बाई शेजारीच होत्या, त्सेर्मा मावशी. सगळं जुळलं. फक्त दिवस पडला टिंगच्या नेमका अलीकडे, जेव्हा पीठ तळाला गेलेलं असतं आणि मांस फक्त बोलण्यात असतं.

झोरिग म्हणाला, "बाजारात एक जण आहे. पुढच्या महिन्यांचे मुलांचे पैसे आधीच देतो. थोडं कापून घेतो, एवढंच. पोराचं जावळ एकदाच होतं, उयांगा."

उयांगा माझ्याकडे बघत होती. मला माहीत होतं ती काय बघतेय. हिवाळा तोंडावर होता. ते पैसे आज उचलले तर हिवाळाभर काळा चहा. मग कुलूपही नवं आणावं लागणार.

"नको," ती म्हणाली. "पांढरा चहा आहे, पिठाच्या वड्या होतील. तेवढ्यावर जावळ काढू."

"मांसाशिवाय? लोक काय म्हणतील?" झोरिगने आईकडे बघितलं.

दुलमाबाईंचा चेहरा उतरला होता. नातवाचं जावळ त्यांनी दोन वर्षं मनात रंगवलं होतं. तरी म्हणाल्या, "म्हणू देत. आत येऊन म्हणतील ना? दार तर उघडं आहे."

त्या दिवशी उयांगाने मला पहाटेच भरलं. ओचिरला नवा निळा झगा घातला, कात्रीला रेशमी पट्टा बांधला, वड्यांची परात मधोमध ठेवली. परातीभोवतीची मोकळी जागा डोळ्यांना टोचत होती. झोरिग धुराड्याशी काहीतरी दुरुस्त करत होता. धुराड्याला काहीच झालेलं नव्हतं.

"कुत्रा धरा!"

त्सेर्मा मावशी आत आल्या. हातात आमचा मोठा पांढरा वाडगा, त्यात मोमोंचा डोंगर. "तुमचा वाडगा कधीपासून माझ्याकडे पडलाय. म्हटलं आज देऊन टाकावा. रिकामा कसा आणणार?"

त्यांच्यामागून दुधवाली आली, आमचं पातेलं घेऊन. त्यात उकडलेलं मांस. खालच्या आवारातल्या म्हाताऱ्याने आमची दुसरी परात आणली. तिच्यात साय होती. "कुत्रा धरा! कुत्रा धरा!" आमच्याच भांड्यांची दारात रांग लागली आणि एकही रिकामं नव्हतं. मागच्या महिन्यांत उयांगाने दही, वड्या, खडे घालून जे जे दाराबाहेर पाठवलं होतं, ते सगळं वाट विचारत घरी आलं होतं. परातीभोवती हात टेकायला जागा राहिली नाही.

उयांगाने मला उचललं आणि चहा ओतायला लागली. तीन वाट्या काठावरून सांडल्या. कोणी बघितलं नसेल; मी बघितलं.

त्सेर्मा मावशींनी पहिली बट कापली. ओचिर ताठ बसला होता, डोळे घट्ट मिटून. शेवटी दुलमाबाईंनी त्याच्या गोट्यावरून हात फिरवला तेव्हा त्याने डोळे उघडले, आरशात बघितलं आणि विचारलं, "आता कळेल ना सगळ्यांना?"

"आता तर धुरावरूनही कळेल," त्सेर्मा मावशी म्हणाल्या, आणि दुलमाबाई इतक्या हसल्या की तपकीर सांडली.

पुढे टिंग आपल्या दिवशी झाली. कुत्री भुंकली. दुधाचे पैसे दिले, पिठाचं पोतं आलं.

आता मी जुना झालोय. फुलांचा रंग उडालाय, बुचाला चिंधी गुंडाळलीय. सध्या दिवसभराचा मुक्काम त्सेर्मा मावशींकडे. त्या बर्फावर घसरल्या, पाय बांधून बसल्यात. उयांगा रोज सकाळी मला भरून पाठवते आणि संध्याकाळी ओचिर मला न्यायला येतो.

आज तो आला तेव्हा मावशींनी घरभर नजर फिरवली. फळीवर काही नव्हतं, डब्यात काही नव्हतं. त्यांना मुलांचे पैसे मिळत नाहीत, मुलं मोठी झाली ना. ओचिर म्हणाला, "राहू दे मावशी, तसाच नेतो."

"तसाच कसा नेशील?" त्यांनी मला मांडीवर घेतलं, तोंडाशी ओठ आणले, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन आत काहीतरी पुटपुटल्या आणि पटकन बूच लावलं. "जड आहे. नीट ने. सांडू नको."

ओचिरने मला दोन्ही हातांनी उचललंय. एकेक पाऊल जपून टाकत तो टेकडी चढतोय. आत काय आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगतो, सकाळपर्यंत गरम राहील. आणि तुमच्याही फळीवर कोणाचं भांडं बसलं असेल, तर ते जाऊ द्या आता. फक्त रिकामं पाठवू नका.