भिंतीवरची निरोगी पापणी

पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्या सुजल्या की डोळे दिवसभर जळतात, आणि बाहेरून म्हणाल तर काही म्हणता काही दिसत नाही. दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग पापणीला टेकवलं, की मात्र पडद्यावर सूज पांढऱ्या ठिपक्यांसारखी उमटते. ते मशीन वहिनी चालवायची. औषधाचा गुण आला की नाही, हे डॉक्टर भिंतीवरच्या 'निरोगी' फोटोशी ताडून ठरवत.

त्या दिवशी वहिनीच्या धाकट्या नणंदेचा फोटो निघाला. डॉक्टर खूश. "सेम टू सेम! औषध बंद."

"पण अजून डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतंय."

"मनाचे खेळ. मशीन खोटं बोलत नाही."

नणंदेचं तोंड एवढंसं झालं. ती शिवणाच्या कारखान्यात कामाला. डोळ्यांचं निमित्त करून काम टाळते, असं तिची सासू येताजाता ऐकवायची. फोटो तरी आपली बाजू घेईल, अशी बिचारीला आशा होती.

वहिनीने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरची ती पापणी तिचीच होती! दोन वर्षांपूर्वी फोटोसाठी ठरलेला माणूस आला नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तूच बस." डोळे तेव्हाही जळायचे तिचे. पण पडद्याकडे बघून जळत असतील, त्यात काय सांगायचं? 'त्रास नाही' असं लिहून सही ठोकली होती बाईने.

नणंदेला बाहेर बसवून तिने डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

"काहीतरीच! थोडे ठिपके सगळ्यांनाच असतात," डॉक्टर म्हणाले. "मला तर कधीच त्रास नाही. काढ माझा फोटो."

तिने काढला. एक ठिपका नाही; भिंतीवरच्या पापणीवर मात्र होते.

डॉक्टरांनी उठून दार लावलं. "शेकडो लोकांना बरे झालात म्हणून घरी पाठवलंय आपण. आणि त्या कागदावर सही तुझी आहे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"मग नणंदेला काय सांगू?"

"सगळ्यांना सांगतो तेच."

बाहेर नणंद लगबगीने उठली. "वहिनी, त्यांचं जाऊ दे. तू स्वतः बघितलंस ना? खरंच काही नाही?"

डॉक्टर दारात येऊन उभे होते.

"काही नाही गं," वहिनी म्हणाली.

नणंदेने मान डोलावली. "तू म्हणतेस म्हणजे खरंच असणार. सासूबाईंचं बरोबर होतं तर. मीच कामचुकार."