रेघ नसलेली ओळ

"रेघ मत लगाना," पंकजसाहेब यासीनच्या खुर्चीमागून म्हणाले. "ऐसा दिखना चाहिए कि लाइन पहले से थी."

जेद्दातल्या त्या खाजगी रुग्णालयात नर्सेससाठीच्या सूचनांचं वेबपान यासीन सांभाळायचा. नवं वाक्य घातलं की त्याच्या दोन्ही टोकांना 'इन्स' ही खूण टाकायची, मग पानावर त्या वाक्याखाली रेघ उमटायची. ही पद्धत त्यानेच पाडलेली. ड्यूटीवर येणाऱ्या नर्सेस रेघेच्या ओळी तेवढ्या वाचत. सगळं पान रोज वाचायला उसंत कुणाला होती?

आजचं वाक्य असं होतं : साठीपुढच्या रुग्णाला हे औषध अर्धंच द्यावं. ते आठवडाभर पंकजसाहेबांच्या मेलमध्ये पडून होतं. काल शालन या नर्सने एका म्हाताऱ्याला पूर्ण डोस दिला आणि पहाटे तो गेला.

"सर, शालन की नौकरी जाएगी."

"तुम्हारा इकामा इसी महीने रिन्यू होना है ना?"

इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना. यासीनला लेकीची, इकराची शाळा आठवली. म्हणजे निमित्त सापडलं. त्याने वाक्य घातलं आणि खूण टाकली नाही. इतकं सोपं काम त्याने आजवर केलं नव्हतं.

चौकशीत ते पान शालनसमोर धरलं गेलं. तिने चूक कबूल केली.

नोकरी गेल्यावर मायदेशी जायच्या दिवशी ती कुकर घेऊन त्याच्या टेबलाशी आली. "घरी ताजुन्निसाभाभींना द्या. माझ्या बॅगेत मावत नाही."

"शालनताई, ती ओळ..."

"तुमचं काय चुकलं, यासीनभाई? रेघ नव्हती, म्हणजे जुनीच असणार. माझ्याच नजरेतून सुटली. ते आजोबा 'या बिंती' म्हणायचे हो मला. पोटच्या मुलीला म्हणावं तसं."

काचेपलीकडे पंकजसाहेब फोनवर हसत होते. यासीनने कुकर घेतला आणि टेबलाखाली ठेवला.

"नव्या मुलींना एवढं सांगा," ती म्हणाली. "रेघ नसलेलंपण वाचत जा म्हणावं."

"सांगतो."

ती गेली. त्याला लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्याने पान उघडलं आणि सगळ्यात वर वाक्य घातलं : जुन्या सूचनाही रोज वाचाव्यात. दोन्ही टोकांना न विसरता 'इन्स' टाकलं. वाक्याखाली रेघ उमटली.